अठ्ठावन्न बावन्न

तीन वाजायला दहा मिनिटं होती. मी पावाचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून तोंडाशी नेला होता, तेवढ्यात इत्तोनं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"दा बिही, हे बघा. वारा मिळाला."

मी बघितलं. तेल मनगटावरून बाहीत शिरलं तरी मला पत्ता नाही.

इत्तो आमच्याकडे डॉक्टरेट करते. खेनिफ्राकडची पोरगी, वय अठ्ठावीस, आणि जिभेला अशी धार की न्हाव्यानं उसनी मागावी. या डोंगरावरच्या दुर्बिणीवर ती चार वर्षं एकाच ताऱ्याची वाट बघत बसली होती. आणि मी बिही, घुमटवाला; मोठ्या भावाला म्हणतात तसं ती मला दा म्हणते. घुमटाची मोटर मधेच अडकते, म्हणून दुर्बीण चालू असली की कुणीतरी आत अंधारात बसून चाक हातानं ढकलायचं असतं. बावीस वर्षं झाली, तो कुणीतरी मीच.

त्या ताऱ्याचं आधी सांगतो, कारण सगळी भानगड त्याचीच आहे. तारा एकटा नाही. त्याला खेटून एक कृष्णविवर बसलंय, आणि ते या बिचाऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून खातं. वायू काही सरळ तोंडात पडत नाही. तो गरगर फिरतो, त्याची तबकडी होते, ती तापते आणि क्ष-किरण फेकायला लागते. बरं, खाणाराही कसा? माझा मेहुणा हमू लग्नात कुसकुसच्या परातीवर बसतो, तसा. ओढणार दहा घास, तोंडात जाणार चार, बाकीचे सहा शेजाऱ्याच्या पायघोळ जेलाब्यावर. हे जे उडून बाहेर जातं ना, त्याला इत्तो वारा म्हणते. तिचा सगळा अभ्यास त्या सांडलेल्या सहा घासांचा.

हा तारा तेवीस वर्षं झोपला होता. जागा होऊन अकरा दिवस झाले होते. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा झोपणार, आणि मग उठेल तेव्हा इत्तोला नातवंडं असतील.

आता खरी गोम. आकाशात एक क्ष-किरणांचा उपग्रह आहे. इत्तोला वर्षातून एकदाच, फक्त एकदाच, त्याला हाक मारता येते: हातातलं सोड आणि माझ्या ताऱ्याकडे वळ. त्या दिवशी वारा सुटलेला असला तर किती खाल्लं आणि किती सांडलं, दोन्ही एकदम मोजता येतं. वारा नसला तर हाक फुकट. उपग्रहवाल्यांनी विचारलं होतं, आज वळवू का? हो की नाही ते चारच्या आत कळवा. नाही म्हटलं तर हाक शिल्लक राहते. हो म्हटलं आणि चार वाजले की संपली.

"मी साडेतीनला हो कळवते," इत्तो म्हणाली. तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. "कालच्या रेघेत आहे बघा. ही हेलियमची टेकडी, आणि ही तिच्या डावीकडची खाच."

ताऱ्याचा उजेड रंगांत पसरवला की अशी रेघ मिळते. गल्लीतल्या घरांना असतात तसे प्रत्येक रंगाला नंबर असतात. हेलियमचं घर अठ्ठावन्न शहात्तर. त्याच्या जरा अलीकडे उंदरानं भाकरी कुरतडावी तशी खाच होती.

"म्हणजे तिथला वायू आपल्याकडे येतोय," ती म्हणाली. "सेकंदाला जवळजवळ बाराशे किलोमीटर. वाऱ्याचा वेग असतो तसाच."

"खाचेचा नंबर किती, इल्ली?" मी विचारलं. लेकीला आम्ही इल्ली म्हणतो.

"अठ्ठावन्न बावन्न. का?"

"सहज," मी म्हणालो आणि पाव खाली ठेवला.

सहज कसलं! तो नंबर माझ्या ओळखीचा होता. इत्तो इथं आली त्याच्या आधी आमच्या दुर्बिणीत निऑनचा दिवा असायचा. रंगांचे नंबर बरोबर लागतायत की नाही हे तपासायला तो लावायचा, आणि लावायचं काम माझं. निऑन काही ठरलेल्या नंबरांवरच उजळतो. अठरा वर्षं मी ते नंबर घोकले. लग्नाची तारीख विसरून मी घरात दोनदा उपाशी झोपलोय, पण हे नाही विसरलो: अठ्ठावन्न बावन्न, एकसष्ट त्रेचाळीस, चौसष्ट दोन. मग दुसऱ्या वायूचा नवा दिवा आला आणि निऑन कपाटात गेला. इत्तोला तो कधी भेटलाच नाही.

पण काल मला भेटला होता.

काल थंडीनं माझी कंबर धरली होती. घुमटात विजेचं काही लावायला सक्त मनाई आहे. मी जेलाब्याच्या आत कमरेला शेकायची पट्टी बांधून बसलो होतो, आणि तिची वायर पायापाशी ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात. त्या बोर्डाच्या बटणात एक नारिंगी ठिपका जळतो. ज्वारीच्या दाण्याएवढा. निऑनचा. मी नेहमी त्याच्यावर माझा लोकरीचा मोजा चढवतो. काल पायही गारठले होते, म्हणून मोजा पायात होता.

त्यात आणखी एक. ताऱ्याच्या उजेडातून आकाशाचा उजेड वजा करावा लागतो, आणि इत्तो तो एकाच बाजूच्या आकाशातून घेते, कारण दुसऱ्या बाजूला एक फुकटा तारा खेटून बसलाय. आणि उजेड रंगांत पसरवणाऱ्या यंत्राच्या दाराचं रबर नेमकं त्याच बाजूला फाटलंय. माझा ठिपका तिथून आत गेला असेल, तर पोरीनं आकाश म्हणून माझा दिवा वजा केला होता. ताऱ्यात खाच नव्हती. ती माझ्या कमरेनं पाडली होती.

"नीट बघितलंस ना?" मी म्हणालो. "बारीक वाटते खाच."

"बारीक आहे, पण खोल आहे."

"हायड्रोजनच्या घरात आहे का अशी?"

"नाही. बऱ्याचदा हेलियममध्ये आधी दिसते." तिनं मान तिरकी केली. "दा बिही, आज तुम्हाला झालंय काय? चार वर्षांत तुम्ही मला एक प्रश्न विचारला नाहीत. हो, एक विचारलात. विवराला दात असतात का."

"असतात का?"

"जेवा!"

सरळ सांगायचं ना, म्हणाल. सांगितलं असतं. पण मी आहे थट्टेखोर माणूस, आणि माझ्या थट्टा पार शिगेला पोचल्या होत्या. फ्रेंच पाहुण्यांना मी पटवलं होतं की शुक्रवारी चंद्र बंद असतो. सी मफद्दल, म्हणजे मफद्दलसाहेब, इत्तोचे प्रोफेसर. त्यांच्या गाडीत मी एकदा शेळी बसवली होती, पट्टा लावून. ते हसले. पण मागच्या वर्षी मी घुमटाच्या आत बॅटरीचा बारका दिवा चिकटवला आणि त्यांना नवा तारा शोधून दिला. वीस मिनिटं ते नाचत होते. एकविसाव्या मिनिटाला त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बिही, यापुढे घुमटात तुझ्या हातून काडीएवढा उजेड झाला, तर त्याच दिवशी खाली गावात जायचं. कायमचं." तेव्हा ते हसत नव्हते.

मला बावन्न वर्षांच्या माणसाला खाली गावात कोण ठेवणार? तिथं सगळे मला ओळखतात.

मग मला शहाणपण सुचलं. माझं शहाणपण नेहमी असंच सुचतं, जेवताना. सांगायचंच कशाला? चार वाजेपर्यंत इत्तोचा निरोप गेला नाही, तर उपग्रह वळणार नाही. हाक शिल्लक राहील, पोरगी वाचेल, मीही वाचेन. आज संध्याकाळी मोजा बोर्डावर, खाच गायब. वारा कधी असतो, कधी नसतो. कोण विचारतंय!

"गच्चीवरची पन्हळ बघून येतो," म्हणालो आणि शिडी चढलो. गच्चीवर नेटची तबकडी आहे. तिच्या मागची वायर मी उपटली आणि टोक नीट आत वळवून ठेवलं, वाऱ्यानं निघाल्यासारखं. खाली मेंढरं चरत होती. मला गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू. शिट्टी वाजवत उतरलो.

इत्तो चहात साखर ढवळत होती.

"नेट गेलं," ती म्हणाली.

"अरेरे."

"जाऊ दे. मला माहीतच होतं, इथलं नेट ऐन वेळेला मरतं." तिनं घड्याळ बघितलं. तीन पंचवीस. "म्हणून सी मफद्दलना सकाळीच सांगून ठेवलंय. पावणेचारपर्यंत माझ्याकडून काहीच आलं नाही, तर ते मराकेशहून हो कळवतील."

माझी शिट्टी ओठातच मेली.

"फोन?" मी म्हणालो.

"फोनही नेटवरूनच लागतो की इथं. रेंज कुठाय? काय हो, पांढरे का पडलात?"

आता बघा माझी करामत. मफद्दलना थांबवायचा एकच रस्ता होता, आणि तो मी दोन मिनिटांपूर्वी माझ्या हातानं कापून आलो होतो.

मी तिच्यासमोरची खुर्ची ओढली.

"इल्ली, ऐक. ती खाच वारा नाही."

"बरं. मग काय आहे?"

"माझ्या कमरेची पट्टी."

तिनं चहाचा पेला खाली ठेवला. "दा बिही, तुमच्या पाया पडते. आजचा दिवस सोडा. उद्या माझ्या गादीत नाग सोडा, मी हसेन."

"चेष्टा नाही करत."

"शेळीच्या वेळी पण हेच म्हणाला होतात! हाच चेहरा! शपथ घेऊन सांगितलंत की गाडीत कुणी नाही!"

"मला शपथ घ्यायला लावू नकोस. माझ्या शपथेला कुणी कुत्रं विचारत नाही. तू कालची सगळी रेघ उघड. अख्खी."

"उघडलीय."

"तू हेलियम आणि हायड्रोजन एवढ्या दोनच खिडक्या कापून बघतेस. मधली भिंत बघ. चौसष्ट दोनला काय असतं?"

"काही नसतं."

"म्हणूनच बघ."

ती हलली नाही. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. तीन एकतीस. मी उठून तिच्या शेजारी गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही केल्या हसरा चेहरा करता येईना. बहुतेक तेच तिला दिसलं. तिनं रेघ सरकवली, उजवीकडे, आणखी उजवीकडे.

चौसष्ट दोन. खाच.

"योगायोग असेल," ती हळूच म्हणाली. "डाग असेल एखादा."

"एकसष्ट त्रेचाळीस."

तिनं रेघ मागे सरकवली, डावीकडे. एकसष्ट त्रेचाळीस. खाच. तशीच, त्याच रुंदीची. जणू एकाच उंदरानं तीन ठिकाणी तोंड घातलं होतं.

"निऑन," ती म्हणाली.

"बोर्डाच्या बटणातला. काल मोजा घालायचा राहिला."

मला वाटलं, आता पेला फेकून मारणार. मारला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. चार वर्षांचं रडू, पण कोरडं. मग हात काढले आणि घड्याळ बघितलं. तीन चौतीस.

"मफद्दल," ती म्हणाली. "नेट! हे मेलं नेट कधी येणार?"

"वायर मी काढलीय."

"काय?"

"गच्चीवर. मघाशी. मला वाटलं, निरोपच गेला नाही तर..."

"दा बिही!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरची मेंढरं दचकली असतील. "चढा! चढा आधी! नंतर मारते मी तुम्हाला, सावकाश मारते!"

शिडी मी कशी चढलो मला ठाऊक नाही. कंबर कुठे गेली होती कोण जाणे. वायरचं टोक मी एवढं नीट वळवून ठेवलं होतं की आता सुटेना. नखं तुटली. आत बसलं तेव्हा खालून तिचा आवाज आला, "डबा सुरू होतोय! चार दिवे लागायला हवेत!"

खाली आलो. नेटच्या डब्यासमोर ती गुडघे टेकून बसली होती. एक दिवा लागला होता. मीही शेजारी बसलो. दोघं त्या डब्याकडे असे बघत होतो, जणू तो आत्ता अंडं देणार.

दुसरा दिवा. तीन एकोणचाळीस.

"किती वेळ घेतो हा?" तिनं विचारलं.

"सात मिनिटं. कधी दहा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आधीही काढलीय मी वायर. फुटबॉलच्या वेळी."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिसरा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तीन चव्वेचाळीस. पंचेचाळीस. तिचे ओठ हलत होते. चौथा दिवा तीन सत्तेचाळीसला लागला, आणि तो नीट हिरवा व्हायच्या आत तिनं चित्र पाठवून फोन लावला होता.

"इत्तो! अभिनंदन!" सी मफद्दलचा आवाज खोलीभर घुमला. "पाठवलं बरं का! तुझं काही आलं नाही, मी पावणेचारला हो पाठवलं!"

"मागे घ्या."

"काय?"

"मागे घ्या, सी मफद्दल. चारच्या आत मागे घेता येतं. वारा नाहीये. निऑन आहे. घुमटात दिवा राहिला होता."

"कोण म्हणतं?"

इत्तोनं माझ्याकडे बघितलं. मी खूण केली, तू सांग, तुलाच दिसलं म्हणून सांग. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"दा बिहींनी सांगितलं."

प्रोफेसर हसले. "अगं, त्या माणसानं मला बॅटरीच्या दिव्यावर नाचवलंय! तो तुला उल्लू बनवतोय. तेवीस वर्षांनी उठलेला तारा, आणि तू बिहीच्या शब्दावर..."

"शब्दावर नाही. चित्र पाठवलंय. उघडा. चौसष्ट दोन आणि एकसष्ट त्रेचाळीस."

"इत्तो, दहा मिनिटं राहिलीत, अशा वेळी..."

"नऊ राहिलीत. उघडा!"

असं प्रोफेसरांशी कुणी बोलत नाही आमच्याकडे. पलीकडे खुर्ची करकरली. माउसचे आवाज. मी माझ्या बोटाचं रक्त चोखत होतो. तीन त्रेपन्न झाले. इत्तोनं डोळे मिटून घेतले होते.

"अरे देवा," सी मफद्दल म्हणाले, अगदी बारीक आवाजात. आणि मग धडाधड टाइप केल्याचा आवाज. तो आवाज थांबला. पंचावन्न. छप्पन्न.

"घेतलं मागे," ते म्हणाले. "त्यांची पोच आली. हाक शिल्लक आहे तुझी."

इत्तो जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, पाय पसरून.

"त्याला फोन दे," प्रोफेसर म्हणाले.

मी फोन घेतला.

"बिही. बोर्ड तुझा?"

"माझा, सी."

"नेट गेलं होतं म्हणते ती. तेही तूच?"

बावन्न वर्षांत मी पोलिसांशी, मौलवीशी, बायकोशी आणि जमीन मोजणाऱ्या साहेबाशी खोटं बोललोय, आणि मजेत बोललोय. वाऱ्यानं निघाली म्हणायला काय लागत होतं? टोक मी त्यासाठीच तर वळवून ठेवलं होतं.

"मीच," मी म्हणालो.

"सोमवारी खाली ये. पट्टी घेऊन ये, बोर्ड घेऊन ये. मग बघू." आणि फोन ठेवला.

सोमवारला पाच दिवस होते. इत्तो अजून जमिनीवरच होती. मी तिच्यासाठी नवा चहा ओतला, उंचावरून, फेस येईल असा. तिनं घेतला, प्यायली नाही.

"आज रात्री खरंच वारा सुटला तर?" ती म्हणाली.

"तर उद्या हाक मार."

"आणि नाही सुटला तर?"

"तर नको मारूस. हमू कधी ना कधी सांडतोच."

तिला हसू आलं नाही. तिनं टेबलाच्या खणातून काळ्या चिकटपट्टीचं बंडल काढलं आणि उठली.

"चला."

"कुठं?"

"घुमटात. दार लावायचं, अंधार करायचा, आणि जिथं जिथं उजेड दिसेल तिथं पट्टी मारायची. सूर्य मावळायच्या आत."

आम्ही दार लावलं, दहा मिनिटं काळोखात बसून डोळे सरावू दिले, आणि मग रांगत निघालो. पंख्याच्या पेटीत एक हिरवा ठिपका. चाकामागे एक लाल. जिन्याखालच्या जुन्या बटणात नारिंगी. तिनं एकेकावर पट्टी दाबली, अशी दाबली की बिचाऱ्यांचा श्वास कोंडावा. यंत्राच्या दारावर तर तिनं चांगलं अर्धं बंडल गुंडाळलं. एकूण सात दिवे निघाले.

"यातले किती तुम्हाला आधीच माहीत होते?" अंधारातून तिचा आवाज आला.

"चार."

"दा बिही."

"पाच," मी म्हणालो.